बंदुकीच्या आधी

दिगंबर, माझ्या सईला बंदूक शिकवावी की नाही, यावरचं आपलं भांडण अर्धवट राहिलं.

तू गेलास त्याला आज चोवीस दिवस झाले. या दिवसांत आपल्या लोकांनी तुझ्याबद्दल पुष्कळ लिहिलं, आणि मी ते सगळं वाचलं. कुणाला तू विमानतळावरून घरी आणलंस, कुणाला पहिल्या महिन्यात घर शोधून दिलंस, गणपतीत किती नवऱ्यांना मोदक वळायला बसवलंस. सगळं खरं आहे. मला मात्र बोलायचं आहे ते त्या भांडणाबद्दल. आपलं समोरासमोरचं शेवटचं बोलणं तेच होतं, आणि त्यातलं सगळ्यांत वाईट वाक्य माझं होतं.

तुझ्या अंत्यविधीला मी नव्हते. मंदारची कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती आणि नवरा-बायको-मुलगी आम्ही तिघंही घरात कोंडलेलो होतो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिलं. कॅमेरा वरच्या कोपऱ्यात कुठेतरी होता. लांब लांब ठेवलेल्या खुर्च्या, पहिल्या रांगेत एकटी तुझी प्रज्ञा, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायला कुणालाही उठता येत नव्हतं. सई माझ्या शेजारी बसली होती. अकरा वर्षांची मुलगी, मी तिला आत जा म्हणाले, ती गेली नाही. मधे आवाज बंद पडला तेव्हा तिने तो वाढवायचा प्रयत्न केला. काहीच ऐकू आलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "काका बोलत नाहीयेत, तर बाकीच्यांचं ऐकून काय करायचं." ती डचमध्ये म्हणाली. आमच्या घरात प्रश्न मराठीत पडतो आणि उत्तर डचमध्ये येतं, हे तुला माहीत आहेच.

हेंकने पहिल्यांदा विचारलं तो दिवस तुला आठवतो का? एनस्खेडेच्या कडेला, आमच्या रस्त्याच्या टोकाला त्याचं शेत. त्याची नात लोट्टे सईच्या वर्गात. पहिल्या लॉकडाउनमध्ये शाळा बंद झाल्यावर सई रोज सायकल घेऊन तिकडे जायला लागली, वासरांना बाटलीने दूध पाजायला. मला बरं वाटायचं. मग ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी हेंक फाटकाशी उभा राहून म्हणाला, "शनिवारी आम्ही सशांच्या शिकारीला जातोय. यंदा माणसं कमी आहेत. लोट्टे काठी घेऊन रांगेत चालते, सईला पाठवशील?"

मी हो म्हटलं. विचार करायच्या आधीच.

त्या रात्री जेवायला तू आणि प्रज्ञा होतात. मी तुम्हाला ती बातमी कशी सांगितली, ते आठवून आता माझे कान गरम होतात. इथे कायमचं राहण्याचा परवाना हातात आल्यावर मंदारने ज्या सुरात सांगितलं होतं, त्याच सुरात. दहा वर्षं झाली या देशात. कॉफीला बोलावतात तेही डायरी बघून, तीन आठवडे आधी. आणि इथे एका शेतकऱ्याने आपणहून माझ्या मुलीला आपल्या माणसांत बोलावलं होतं. मला शिकारीचं काही पडलेलं नव्हतं. मी तर अंडंही खात नाही. पण तुझ्यापुढे मी तत्त्वज्ञान मांडलं: जी मुलं मांस खातात त्यांनी ते कुठून येतं हे पाहिलं पाहिजे, इथल्या मुलांना मातीची ओळख असते, आपणच मुलांना काचेत ठेवतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते ना मी. कुठल्याही गोष्टीला दोन पुस्तकांचा आधार देऊ शकते.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "हाकारे म्हणून नेतायत तिला."

"म्हणजे?"

"रानात रांगेने ओरडत जातात ते. आमच्याकडे पोरंच असायची. हाकाऱ्यांतून सुरू होतं, बाय. मग एक दिवस कोणतरी म्हणतो, धर जरा बंदूक."

"इथे अठरा वर्षांखाली परवाना मिळत नाही," मंदार म्हणाला.

"आमच्याकडे तरी कुठे मिळत होता," तू म्हणालास, आणि मग ते सांगितलंस.

दिगंबर, इतक्या वर्षांत तू तुझ्या वडलांबद्दल त्याआधी कधी बोलला नव्हतास. शेताच्या राखणीसाठी परवाना मिळालेली त्यांची ठासणीची बंदूक. तू नऊ वर्षांचा. पहाटे सड्यावर, कातळाच्या माळावर, तुला घेऊन गेले. दारू भरली, काथ्या ठासला, छर्रे घातले, नळी कुंपणाच्या गडग्याच्या दगडावर टेकवली आणि तुझ्यामागे गुडघ्यावर बसून तुझा खांदा धरला. ससा गवतात होता. तू बार काढलास. ससा लगेच मेला नाही, ओरडला. "लोकांना वाटतं मला तो आवाज आठवत असेल," तू म्हणालास. "मला तो आठवतच नाही गो. मी बापाकडे बघत होतो."

त्यांनी तुला खांद्यावर घेतलं. अख्ख्या वाडीतून फिरवलं. घराघरांपुढे थांबून सांगितलं, माझ्या झिलाने मारला. ज्या माणसाने तुला त्याआधी नावाने हाक मारल्याचं तुला आठवत नव्हतं, त्या माणसाने. पुढे तू बोर्डात आलास. मुंबईला इंजिनिअरिंगला लागलास. इकडे आलास. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "बरं." एवढंच.

"पोराला बंदूक जड होत नाही," तू म्हणालास. "शाबासकी जड होते. ती कुठे ठेवायची ते नऊ वर्षांच्या पोराला कळत नाही. मग ते आयुष्यभर तीच शोधत बसतं. मी पुढची चार वर्षं मिळेल ते मारलं. भूक नव्हती, राखण नव्हती. बाप बघत असला की मारायचो."

प्रज्ञा ताटाकडे बघत होती. तिलाही हे नवीन होतं की काय, कोण जाणे. सई माझ्या शेजारी बसून पोळीचा तुकडा तुपात घोळवत होती. आपण चौघांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. हे आपण इथले सगळेच करतो. मुलं मराठीत उत्तर देत नाहीत म्हणून आपण धरून चालतो की त्यांची मराठी भूक लागली, दात घास, आजीला नमस्कार कर यापलीकडे जात नाही. मग त्यांच्यासमोर मराठीत सगळं बोलतो, दार लावून घेतल्यासारखं.

मी तरीही शनिवारी तिला पाठवलं. हो म्हणून बसले होते आणि नाही म्हणायची लाज वाटत होती. तुला मी सांगितलं की मला तुझं म्हणणं पटलं नाही. हे खोटं होतं. मला हेंकला नाराज करायचं नव्हतं.

ती परत आली तेव्हा गाल लाल, बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. हेंक, त्याचा मुलगा, एक शेजारी आणि दोन मुली. शेवटी मारलेले ससे गवतावर एका ओळीत ठेवले, पुरुषांनी टोप्या काढल्या, कुणी काही बोललं नाही, असं ती सांगत होती. मला ते आवडलं, हे मी कबूल करते. आणि तिच्या सायकलला बांधून हेंकने एक ससा पाठवला होता. हाकाऱ्यांचा वाटा.

मी तुलाच फोन केला. दुसऱ्या कुणाला करणार?

"दिगंबर, ससा आलाय."

"जिवंत?"

"नाही रे. सायकलवर आहे. काय करू?"

"नमस्कार कर आणि बाजूला हो. मी येतो."

तू सुरी घेऊन आलास. मंदार कोंबडी खातो पण पॅकेटमधली. तो ससा बघून त्याला एकदम ऑफिसचा कॉल आठवला. तू ससा आमच्या शेडमध्ये टांगलास, बाह्या वर केल्यास आणि सईला म्हणालास, "ये. तू आणलायस ना? मग धर पाय." मी दारात उभी होते. मला वाटलं होतं तू तिला रागावशील, निदान तोंड वाकडं करशील. तू तिला कातडं कुठून सुटतं ते दाखवलंस. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, काळीज हे, फुप्फुसं ही, छर्रा इथून गेला बघ. ती एकदा बाहेर जाऊन ओकली आणि परत आली. तू काहीच बोलला नाहीस, फक्त पाय पुन्हा तिच्या हातात दिलास. दीड तास लागला. मग माझ्याच स्वयंपाकघरात खोबरं भाजून, वाटप करून रस्सा केलास, आणि माझी कढई त्या दिवसापासून माझी राहिली नाही, तुमची झाली.

मी तुला टोमणा मारला होता. "शिकारीच्या विरुद्ध होतास ना?"

"मी कधी म्हटलं? मी पोरांच्या हातात बंदूक द्यायच्या विरुद्ध आहे." तू हात धूत होतास, नखं घासून घासून. "शिकार शिकवायची तर इकडून शिकव. शेवटाकडून. सोलताना कोण शाबास म्हणत नाही. वास येतो, हात चिकट होतात, कंटाळा येतो. हे पाचसहा वर्षं करू दे. मग मोठी होऊन म्हणाली बंदूक पाहिजे, तर घेऊ दे. तेव्हा तिला माहीत असेल ती काय मागते ते."

या विषयावर मी त्यानंतर शोधून शोधून बरंच वाचलं. बाजूचं, विरुद्धचं. शेवटाकडून शिकव, हे मला कुठेच सापडलं नाही.

हेंकचंही म्हणणं मी तुला नीट सांगायला हवं होतं. मी ते तुला चिडून, तुकड्यातुकड्यांत सांगितलं. तो म्हणतो, माणूस अठराव्या वर्षी एकदम शिकारी होत नाही. ज्याने लहानपणापासून काहीच पाहिलं नाही आणि मोठेपणी परवाना काढला, तो त्याला सगळ्यांत धोकादायक वाटतो; त्याच्या डोक्यात सिनेमा असतो. लोट्टे सात वर्षांची असल्यापासून आजोबांमागे चालते. नळी कुठे रोखायची नाही, कुत्रा पुढे असताना काय करायचं, मादी कुठे बसते, हे सगळं तिला माहीत आहे. मी त्या मुलीला पाहिलं आहे, दिगंबर. ती शांत आहे. सशांबद्दल तिला जे कळतं ते मला दहा पुस्तकं वाचून कळणार नाही. तेव्हा हेंक चूक आहे असं मला आजही म्हणता येत नाही. कदाचित लोट्टेला शाबासकी दुसऱ्या गोष्टींचीही मिळत असेल. कदाचित सगळा फरक तेवढाच असेल.

डिसेंबरात हेंकने दुसरा प्रस्ताव आणला. गावातल्या नेमबाजीच्या क्लबात बारा वर्षांपासून मुलं घेतात. छऱ्याची बंदूक, कागदाचं लक्ष्य. क्लब उघडला की लोट्टे जाणार, सईही एप्रिलमध्ये बारा पूर्ण करते, दोघींची नावं एकदमच देऊ. पुढे अठराव्या वर्षी शिकारीचा कोर्स. मी पुन्हा हो म्हणायच्या बेतात होते. तुला सांगायला आले ते खरं तर तुझ्याकडून परवानगी काढायला.

तुमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, दोन टोकांना दोन खुर्च्या. आत दोनच पाहुण्यांना यायची मुभा होती, पण तुला दम्याची भीती म्हणून आपण बाहेरच बसलो, कोट घालून. प्रज्ञाने खिडकीतून चहा दिला आणि खिडकी लावून घेतली.

"कागदाचं लक्ष्य आहे," मी म्हटलं.

"असू दे. बघणारे कागदाचे नाहीत."

"सगळ्यांचे वडील तुझ्या वडलांसारखे नसतात."

"नसतात. सईला विचारलंस?"

"अकरा वर्षांची आहे ती."

"म्हणजे बंदूक द्यायला अकरा पुरे, आणि विचारायला कमी?"

उत्तर नसलं की मी काय करते ते मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तुला स्वतःचं मूल असतं म्हणजे कळलं असतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. कुणी रस्ता विचारला आणि तो आपल्याला माहीत नसला तर पाहतो, तसं. मग म्हणालास, "चहा घे. निवतोय."

मी चहा अर्धा टाकून निघाले.

तुम्हा दोघांच्या त्या सात-आठ वर्षांच्या खेपा मला माहीत होत्या. लायडनच्या क्लिनिकच्या, मग पुण्याच्या. प्रज्ञाने मला सांगितलेल्या होत्या, तू कधीच नाही. मी ते वाक्य अजाणता बोलले, असा आडोसा मला घेता येत नाही.

परवा मी प्रज्ञाला फोनवर सगळं सांगितलं. तिने ते ऐकलं असेल, खिडकीपाशीच तर होती, या भीतीने इतके दिवस हिंमत होत नव्हती. ती म्हणाली, "मी आत भांडी घासत होते गं, मला काहीच ऐकू आलं नाही. हा आत आला आणि म्हणाला, बाय चिडलीये. दोन दिवसांनी करेल ती फोन."

मी दोन दिवसांनी फोन केला नाही. दहा दिवसांनी नाही. नाताळच्या सुट्टीत रोज एक मेसेज लिहून पुसत होते. जानेवारीत तुला ताप आल्याचं मंदारकडून कळलं, मग हॉस्पिटल, मग ऑक्सिजन. तेव्हा मी लिहिलं, "लवकर बरा हो," आणि पुढे हात जोडलेलं ते चित्र. आयुष्यभर शब्दांतच वावरलेल्या बाईने एवढंच पाठवलं. तू अंगठा पाठवलास. मी त्यावर समाधान मानलं, बोलू मग बरा झाल्यावर, असं म्हणून.

तेव्हा आता लिहिते. त्या वाक्याबद्दल मी तुझी माफी मागते. सईला आमच्याखेरीज कुणी वाढवलं असेल तर ते तू. तिला सायकलवर तोल धरायला मंदारने शिकवलं, पण पडल्यावर काही न बोलता सायकल पुन्हा हातात कशी द्यायची ते तुला येत होतं. हे त्या गॅलरीतही मला माहीत होतं.

गेल्या रविवारी मी सईला विचारलं. हेंकला नावं द्यायची होती, त्याने दोनदा आठवण केली होती. पावसाळी दुपार होती, ती पलंगावर पालथी पडून काहीतरी काढत होती. मी तिला म्हटलं, तुला बंदूक शिकायची आहे का, तू सांग, मी काही बोलणार नाही.

तिने पेन्सिल बाजूला ठेवली. मग डचमध्ये म्हणाली, "काकांच्या बाबांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं ना?"

तिला सगळं कळलं होतं. वाडी, गडगा, झिल, सगळं. "काठी घेऊन चालले त्या दिवशी हेंकआजोबा म्हणाले, तू खरी शिकारी आहेस. सगळ्यांसमोर म्हणाले," ती म्हणाली. "मला खूप आवडलं. इतकं आवडलं की मला काकांची गोष्ट आठवली. म्हणून मला कळत नाहीये की मला बंदूक हवीय, की ते हवंय."

आणि मग, थोड्या वेळाने, "मी नाही म्हटलं तर त्यांना मी आवडेन का?"

दिगंबर, तो प्रश्न तिचा नव्हता. तो माझा होता. दहा वर्षं मी या देशात तोच प्रश्न घेऊन फिरते आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी तिला काठी देऊन रानात पाठवून दिलं.

मी तिला म्हटलं, मला माहीत नाही, आपण जाऊन बघू.

काल गेलो. हेंक गोठ्याच्या दारात उभा होता, आम्ही अंतर ठेवून अंगणात. मी बोलायला सुरुवात करणार होते, पण सईच बोलली. म्हणाली, तिला क्लबात नाव द्यायचं नाही. आत्ता नाही. ती मोठी झाल्यावर स्वतः ठरवेल. पण ससे सोलायचे असतील तर तिला येतं, तिला बोलवा.

हेंकने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं तो थोडा खट्टू झाला. डच माणसाचं खट्टू होणं मला अजून नीट वाचता येत नाही. मग तो म्हणाला, "सोलायला कुणालाच आवडत नाही. माझा मुलगासुद्धा टाळतो." आणि आत वळता वळता, "लोट्टे मागे आहे. नवं वासरू झालंय."

एवढंच झालं. त्याने तिला बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. ती वासरू बघून आली, आम्ही सायकली काढल्या. शेताच्या कडेने येताना वारा समोरून होता आणि ती माझ्या पुढे होती, वाकून, जोर लावून. एवढ्या लहान वयात एका मोठ्या माणसासमोर ती उभी राहिली होती, तो नाराज होईल हे माहीत असून. मला ते अकरा वर्षांची असताना जमलं नसतं, चाळिसाव्या वर्षीही जमलेलं नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, शाबास.

मी ते म्हटलं नाही. तिच्या मागे सायकल चालवत राहिले. नाही म्हणणं तिचं होतं, दिगंबर, ते तिच्याचकडे राहू दिलं.